मागच्या दाराचा दिवा चौकात

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी डबा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. माळ्यावर टाकलेल्या वस्तू सहसा गोड बोलतात. चांगल्या दिवसांची आठवण काढतात, मुलांना आशीर्वाद देतात. मला ते जमणार नाही. माझ्या अंगावर धूळ बसली म्हणून मी चिडलेलो नाही. मला चहाडीच्या कामाला लावलं, म्हणून चिडलो आहे.

माझा जन्म स्टॅबिलायझर म्हणून झाला. एका पावसाळ्यात वीज पडली आणि माझं आतलं सगळं जळून गेलं. मालकाने मला गोंडपिपरीच्या, म्हणजे आमच्या तालुक्याच्या, बाजारात प्रफुलकडे आणून टाकलं. प्रफुल म्हणजे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. चंद्रपूरला जाऊन त्याने हे काम शिकून घेतलं होतं. त्याचं गाव तिथून जवळच, मोठ्या तलावाच्या काठी. सगळी वस्ती मासेमारांची. भाऊबंद जाळी टाकायचे आणि हा तारा जोडत बसायचा. लोक त्याला हसायचे, पण टीव्ही बंद पडला की त्याच्याच दारात उभे राहायचे.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याने मला घरी नेलं, आतली राख झाडली आणि माझ्या पोटात नवा संसार मांडला. तुटलेल्या टीव्हीचे भाग, स्कूटरची जुनी बॅटरी आणि वीज आली की 'टक्' करून बसणाऱ्या चार कळा. मला ओसरीच्या भिंतीवर, समोरच्या दाराशेजारी टांगलं. छपरावरच्या टाकीत एक तरंगता थर्माकोल सोडला. टाकी रिकामी झाली आणि वीज असली की मी घरच्या विहिरीवरची मोटर सुरू करायचो. टाकी भरली की बंद करायचो. समोरच्या आणि मागच्या दाराला त्याने फुटक्या स्पीकरचे लोहचुंबक बसवले. दार उघडलं की मला कळायचं, आणि संध्याकाळनंतर मी तिथला दिवा लावायचो. तुमच्या वयाची पोरं तासन् तास ते दार उघडझाप करत बसायची. प्रफुल ओरडायचा, पण मनातून खूश असायचा.

सगळ्यात खूश होती ती त्याची बायको कुंता. विहिरीचा दोर ओढून ओढून तिच्या तळहातांची सालं निघाली होती. आता नळ सोडला की पाणी. दसऱ्याला तिने पक्कड-हातोडीबरोबर मलाही हळदकुंकू लावलं आणि शेजारणीला म्हणाली, "हे पोट्टं बिचारं न सांगता काम करते." मित्रांनो, एवढं कौतुक मला पुढे कोणी केलं नाही. तेव्हा माझी प्रत्येक तार घराच्या भिंतींच्या आत संपत होती. घरात काय चाललं आहे ते फक्त घराला कळत होतं. असंच असायला हवं होतं!

पण प्रफुलला थोरला भाऊ होता. धनराज. आमच्या दारासमोर चौक आणि चौकापलीकडे धनराजचं सायकलचं दुकान. दुकानापुढच्या बाकावर गावातले रिकामटेकडे बसायचे. तो मच्छीमार संस्थेच्या कमिटीवर होता आणि गावात त्याचा शब्द चालायचा. एक दिवस तो प्रफुलला म्हणाला, "तू कामाले तालुक्याले जाऊन राह्यला, घर सुनं राह्यते. तुह्या मशीनची एक तार माह्या दुकानात दे. दार उघडलं का मले दिवा दिसला पाहिजे. मी लक्ष ठेवतो न."

प्रफुल हुरळला. आपली करामत साऱ्या गावाला दिसणार! त्याने छपराच्या कवेलूंवरून आणि चौकावरून तार नेली आणि दुकानाच्या चौकटीवर दोन दिवे बसवले. समोरचं दार उघडलं की हिरवा, मागचं उघडलं की लाल. दिवस असो की रात्र.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे माझ्या रागाचं मूळ कळेल. आमच्याकडे नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. धाकट्याची बायको त्याच्याशी बोलत नाही, त्याच्या समोर येत नाही. कुंता लग्न होऊन आली तेव्हापासून धनराजशी एक शब्द बोललेली नव्हती. तो ओसरीत आला की ती पदर पुढे ओढून आत जायची. बाजाराला निघाली तर चौक टाळून मागच्या गल्लीने जायची, कारण चौकात भासऱ्याचं दुकान. हा रिवाज प्रफुल स्वतः कटाक्षाने पाळायचा आणि तिच्याकडूनही पाळून घ्यायचा. ज्या माणसाला तिची सावलीसुद्धा दिसू नये, त्याच्या डोळ्यांपुढे त्याने तिच्या येण्याजाण्याचा दिवा टांगून दिला! आणि यात काही चुकतंय असं त्या शहाण्याला वाटलंच नाही.

कुंताने विचारलं, "माह्या दाराचा दिवा चौकात काऊन?"

"कोनी तुले पाहून राह्यलं का? दिवा लागते, बस," प्रफुल म्हणाला.

बस! पहाटे बायका मागच्या दाराने कुठे जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. गावात तेव्हा घरोघरी संडास नव्हते. कुंता दार उघडायची, चौकात लाल दिवा लागायचा आणि बाकावर विडी ओढत बसलेला एखादा म्हणायचा, "निंगाली." मग सगळे हसायचे. मला ते हसू ओसरीत ऐकू यायचं आणि माझ्या कळा संतापाने थरथरायच्या. पण लोखंडाचा संताप कोण ऐकतो? मी बिघडावं म्हटलं तरी मला बिघडता येत नव्हतं. प्रफुलने मला फार नीट बांधलं होतं.

कुंताने एक युक्ती केली. ती मागचं दार सकाळपासून उघडंच ठेवू लागली. दिवा सारखा जळत राहिला की कोणी केव्हा गेलं ते कसं कळणार? पण दोन दिवसांतच शेजारच्या बकऱ्या आत शिरल्या आणि वाळत घातलेले तांदूळ फस्त करून गेल्या. प्रफुल चिडला. त्याने दाराला स्प्रिंग लावली. आता दार आपोआप बंद व्हायचं. घरवालीला चार शब्द विचारण्यापेक्षा स्प्रिंग लावणं त्याला सोपं वाटलं.

त्याच साली तलावाचं प्रकरण झालं. तलावातली मासेमारी संस्थेची, म्हणजे सगळ्या वस्तीची. कमिटीने ती गुपचूप बाहेरच्या ठेकेदाराला देऊन टाकली. सगळे कुजबुजत होते, पण बोललं कोणी नाही. बोलली ती मंगली. मंगली कुंताची मावसबहीण, विधवा, घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा सासरा इस्तारी. तिने भरल्या सभेत विचारलं, "तलाव कोनाच्या बापाचा हाय?" आणि तालुक्याला जाऊन तक्रार केली. जातीच्या पंचांनी लगेच बैठक घेतली. तलाव विकणाऱ्यांना कोणी बोट लावलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं आणि शिक्षा झाली ती ओरडणाऱ्याला. मंगलीला वाळीत टाकलं. तिच्याशी कोणी बोलायचं नाही, तिला विस्तव द्यायचा नाही, गावच्या विहिरीवर आणि बोअरिंगवर तिने पाय ठेवायचा नाही. जो तिला पाणी देईल तो जातीबाहेर.

मंगली तलावाचं गढूळ पाणी गाळून प्यायची. पण म्हाताऱ्याला ते पाणी सोसेना. त्याचं पोट बिघडलं, तो सुकत चालला. मग कुंताने निरोप धाडला, दुपारी मागच्या दारी ये. भर उन्हात गाव सुस्तावलेलं असायचं, प्रफुल तालुक्याला गेलेला असायचा. मंगली हंडा घेऊन यायची. कुंता नळाखाली तो भरून द्यायची, वर पानात बांधलेला भात. ते पाणी मी भरलेलं होतं, मित्रांनो. म्हातारा हळूहळू उठून बसू लागला. मी आयुष्यात केलेलं एवढंच काम मला अभिमानाने सांगावंसं वाटतं.

आणि त्याच वेळी, त्याच दाराचा लाल दिवा माझ्याच तारेने चौकात लागत होता. एका हाताने पाणी द्यायचं आणि दुसऱ्या हाताने देणारीला धरून द्यायचं! मला कोणी विचारलं होतं का, हे काम करशील का म्हणून?

धनराजच्या ते ध्यानात आलंच. एका दुपारी त्याने पंचांना दुकानापुढे बसवलं. मुखिया पत्रू बाकाच्या मधोमध. प्रफुललाही कामावर जाऊ दिलं नव्हतं, त्याला समोर उभं केलं होतं. मधे फक्त चौक. मला सगळं ऐकू येत होतं.

"रोज या टायमाले लाल दिवा लागून राह्यला," धनराज म्हणाला. "प्रफुल तर घरी नसते. मंग मागून कोन येऊन राह्यलं?"

"थांबा, पाहू," पत्रू म्हणाला. "मानूस लबाड बोलंन. मशीन लबाड बोलत नाई."

काय ही अक्कल! अरे, माझ्या दिव्यातून फक्त दार उघडलं एवढंच कळतं. कोण आलं, कशाला आलं, कोणाच्या घशाला कोरड पडली होती, हे त्या दिव्याला काय ठाऊक? माझ्या एका दिव्यावर तुम्ही आपल्या मनातली सगळी घाण लावता आणि वर म्हणता, मशीनने सांगितलं!

प्रफुलचा चेहरा उतरला होता. मागच्या दाराने कोण येतं ते त्याला आता समजलं होतं. तो चाचरत म्हणाला, "मशीन बिघडली असंल, पत्रूभाऊ. जुना डबा हाय. उगाच लागते दिवा." स्वतःच्या हाताने मला घडवणारा माणूस चारचौघांत मला बिघडलेला म्हणाला. आपली कातडी वाचवायला! त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा धनराजचाही आला नव्हता.

तेवढ्यात लाल दिवा लागला.

बाकावरचे सगळे उठले. पत्रूने पागोटं सारखं केलं. धनराज चौक ओलांडायला निघणार, तोच शेजारचा हिरवा दिवा लागला. समोरचं दार उघडलं होतं.

दारात कुंता उभी होती. चौकातलं बोलणं तिने आतून ऐकलं होतं आणि पाणी आधीच भरून ठेवलं होतं. डोक्यावर पदर होता, पण चेहरा उघडा होता. तिने मंगलीचा हात धरलेला आणि मंगलीच्या कमरेवर भरलेला हंडा. दोघी चौकात आल्या. कुंता थेट धनराजकडे पाहून बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊ, मागच्या दारावर डोये लावून बसले होते न? घ्या, समोरच्या दारानं आनली. ही मंगली हाय. इस्तारीबुढ्याले पानी पाहिजे, मी देऊन राह्यली. उद्या बी देईन."

भासऱ्याने काय उत्तर द्यावं, याचा रिवाजच नव्हता. धनराज नजर चुकवून सायकलच्या चाकाकडे पाहू लागला.

मग प्रफुल हलला. त्याने दुकानातली पक्कड उचलली, बाकावर चढला आणि चौकटीवरची तार कापली. दोन्ही दिवे कायमचे बंद झाले.

"प्रफुल, जातीतून जाशीन," धनराज ओरडला.

"दिवे तुमाले ठेवा, दादा," प्रफुल म्हणाला. "तार माही हाय." आणि तो ती तार हातावर गुंडाळत, घराच्या दिशेने मागे मागे येत राहिला.

त्याला मी माफ केलं का, असं तुम्ही विचाराल. अर्धं केलं. अर्धं अजून शिल्लक आहे.

त्यांनाही वाळीत टाकलं. गावातलं दुरुस्तीचं काम बंद झालं, लग्नाची बोलावणी बंद झाली. पण रेडिओ तर बंद पडणारच. मग तेच पंच, तेच बाकावरचे, पोत्याखाली रेडिओ लपवून आमच्या मागच्या दाराने येऊ लागले. एकदा तर पत्रूही आला! कुंता त्यांना बसायला घोंगडी द्यायची. कोण आलं, केव्हा आलं, हे मी बाहेर कोणालाही कळू दिलं नाही. म्हातारा इस्तारी पुढे तीन उन्हाळे जगला, आणि ठेकेदाराकडून तलाव सोडवायला वस्तीला तेवढाच वेळ लागला. तोवर वाळीत टाकणारेच थकले होते. तो बहिष्कार कोणी उठवला नाही. लोक तो पाळायचं विसरले, एवढंच.

पुढे घरात सरकारी नळ आला, मोटर विकली गेली आणि मी माळ्यावर आलो. आता दोन हजार नऊ साल चालू आहे. परवा एक टायवाला पोरगा घराच्या राखणीची नवी पेटी विकायला आला होता. फोनच्या तारेला जोडायची म्हणे. कोणतं दार केव्हा उघडलं ते दूर शहरात बसलेल्या कंपनीच्या माणसाला कळणार, तो तुमच्या घरावर लक्ष ठेवणार. प्रफुलचे केस पांढरे झालेत. तो म्हणाला, "मले नको सांगू. दारं तिचे हायेत, तिले विचार."

कुंताने त्याला चहा दिला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाबू, त्या मानसाच्या घरचं दार उघडलं का आमच्या घरी दिवा लागंन का?"

पोरगा हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करते आहे. ती हसत नव्हती हे पाहिल्यावर त्याने पेटी पिशवीत भरली.

मित्रांनो, तुम्ही हुशार आहात. उद्या तुम्हीही माझ्यासारखे डबे बनवाल, माझ्यापेक्षा कितीतरी शहाणे. जरूर बनवा. पाणी भरा, दिवे लावा, आईचे हात वाचवा. पण तार घराबाहेर नेण्याआधी त्या दाराने रोज जी ये-जा करते तिला विचारा. राखणीच्या नावाखाली कोणी तुमच्या दाराची खबर मागितली, तर त्याच्या दाराची खबर आधी मागा. तो देणार नाही. तेव्हा पक्कड तुमच्या हातात असू द्या.