इटली, इंग्लंड आणि नवरदेव

इटली श्रेष्ठ की इंग्लंड, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धालाही नीट सुटला नाही. तो चौऱ्याण्णवच्या वैशाखात राजुरीकरांनी निकाली काढायचं ठरवलं. दोन्ही देशांना कळवलं नव्हतं.

इटलीकडून गोरखचे मामा हौशीराम, आपली डुक्कर फियाट घेऊन. इंग्लंडकडून चुलते सावळेराम, जुन्या मॉरिससह. मध्ये गोरख, मुंडावळ्या बांधून. लग्न डिंभ्याला, मुहूर्त साडेबाराचा. वऱ्हाड ट्रकनं पुढं गेलेलं. नवरदेव कोणाच्या गाडीत बसणार, एवढंच ठरेना.

"फियाट चढाला घोड्यावानी पळती," मामा म्हणाले.

"म्हणूनच डुक्कर नाव पडलं व्हय," सावळेराम म्हणाले. "मॉरिस साहेबाची गाडी हाय, पावणं. इंजिनाला आजवर हात लागला न्हाई."

"आमच्या तर बॉनेटला बी न्हाई."

गोरखला दोघंही हवे होते. मामा रुसले तर मंगलाष्टकांना पाठीशी उभं कोण राहणार? काका रुसले तर बांधाला बांध त्यांचाच. शेवटी तोड निघाली: मंचरपर्यंत फियाट, पुढं मॉरिस. गाड्या सुरू झाल्या. दोघींची धडधड सारखीच होती, पण ती ऐकायला कोणाचे कान मोकळे नव्हते.

मंचरच्या स्टँडसमोर गोरख उतरला. तो मॉरिसकडे वळतो न वळतो तोच, मागं पडायला नको म्हणून मामांनी फियाट दामटली. सावळेरामांना गर्दीत गोरख उतरलेला दिसला नाही; वाटलं, नवरदेव पळवला. मॉरिस फियाटच्या मागं सुटली.

रस्त्यावर उरला नवरदेव, हातात लिंबू खोचलेली कट्यार.

"डिंभ्याची गाडी?"

"आली तर येती," स्टँडवरचा पानवाला म्हणाला.

पत्रिकांना जुळणारा पुढचा मुहूर्त थेट दिवाळीनंतर. मुंडावळ्या घामानं गालाला चिकटल्या. गोरख दर हॉर्नला दचकत होता.

एसटी आली. कंडक्टरनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "एकच तिकीट?"

"जाताना एकच."

घोडेगावच्या पुढच्या चढावर दोन्ही गाड्या बॉनेटं उघडून वाफा सोडत उभ्या होत्या. गोरखनं घंटीची दोरी ओढली. मामा आणि काका निमूट चढले, एकाच बाकावर बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. खिडकी एकच होती.

एसटी मांडवापाशी थांबली तेव्हा भटजी घड्याळाकडं बघत उभेच होते. मामा पाठीशी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी गाड्या ट्रॅक्टरनं ओढत जुन्नरला इब्राहिम मिस्त्रींकडं नेल्या. दोन्हींत त्यांनीच बसवलेलं मॅटॅडोर टेम्पोचं डिझेल इंजिन होतं.