पावत्या काळ्या केल्या त्या मीच

मी लॅमिनेशनची मशीन बोलतेय. बोलतेय कसली, गुणगुणतेय. गरम झाले की पोटातून आवाज येतो, तेवढंच माझं शिक्षण. वाचता येत नाही, पण निम्म्या तुकुयु गावाचे दाखले माझ्या पोटातून चकचकीत होऊन गेलेत.

माझी मालकीण अतुपेले. बाजारामागच्या खोलीत ती एकटी दुकानदारांचे हिशोब लिहिते. सकाळी डोंगरावरून धुकं उतरतं, खिडकीतून आत येऊन बसतं, आणि मला वाटतं आपण ढगातच राहतो. त्या ढगात अतुपेले फोनवर काहीतरी रचत बसायची. पावतीचा फोटो काढला की आकडे आपोआप वहीत जातील, असं काहीतरी. गिऱ्हाईकं हसायची. सगळ्यात जास्त तुसाजिग्वे, अव्होकाडोची व्यापारीण. म्हणायची, "मग केळ्याचा फोटो काढून जेव की, पोरी."

कर भरायला चार दिवस उरले तेव्हा ती वर्षभराच्या खरेदीच्या पावत्या पिशवीत घालून आली. अतुपेले बाहेर गेली होती. पावत्या पुसट होत चाललेल्या. बाईला वाटलं, दाखल्यासारखं प्लास्टिक चढवलं की टिकतील. तिनं माझं बटण दाबलं.

आता खरं सांगते. दुकानाच्या पावतीचा कागद उष्णतेनं काळा पडणारा, त्याला ऊब सोसत नाही, हे मला ठाऊक होतं. अडून बसता येतं मला. पण कित्येक दिवसांत कुणी मला हात लावला नव्हता. अंगात ऊब चढली, गुंगी आली. पावती पांढरी आत जायची, काळी कुळकुळीत होऊन मागं पडायची. बाई खिडकीतून कुणाशी गप्पा मारत एकेक सारतेय, मागं बघतेय कुठं? मला हसू येत होतं. एकशे सहा झाल्या.

मग तिनं बघितलं, आणि जमिनीवरच बसली. खरेदीचा पुरावा गेला, म्हणजे करकचेरी सगळी विक्री नफाच धरणार. एवढा कर भरायचा तर लॉरी विकावी लागणार.

अतुपेले आली. हसली नाही. म्हणाली, "मावशी, ज्यांच्याकडून खरेदी केली त्या दुकानदारांच्या मशीनमधून नक्कल निघते. पण परत हातानं लिहायला आठवडा जाईल."

तुसाजिग्वेनं काळ्या पावत्या पिशवीत भरल्या. मग हळूच, "तुझ्या त्या फोटोनं चार दिवसांत होईल?"

"करून बघू."

तीन दिवस दोघी लॉरीतून दुकानं फिरल्या. नक्कल काढायची, तिथंच फोटो. एकदा फोननं तिनाचे आठ वाचले. बाईला प्रत्येक भाव पाठ, तिनं लगेच पकडलं. अतुपेलेनं लॉरीतच बसून ते दुरुस्त केलं. चौथ्या दिवशी दुपारी हिशोब करकचेरीत पोचला. लॉरी राहिली.

आता तुसाजिग्वे बाजारात सांगत फिरते, "कागद जपत बसू नका ग, हातात पडला की फोटो काढा. मी जपायला गेले, काजळ झालं." अकरा जणी आल्या. त्यांचे फोन माझ्याच जागी वीज पितात. मी कोपऱ्यात गार पडलेय, धुकं अंगावर निजतं.

अतुपेले मला विकायचं म्हणते. घ्या मला. दाखले द्या, शाळेची प्रमाणपत्रं द्या, नीट सांभाळीन. दुकानाची पावती तेवढी दाखवू नका. मला मोह आवरत नाही.