खंडेनवमीला गुंडाळलेली वायर

मित्रांनो, मी एक जुनी यूएसबी वायर आहे. काळी, हातभर लांब, एका टोकाला जराशी वाकलेली. सोलापूरच्या एका दुकानात मोबाईलच्या कव्हरांखाली मी दबून पडले होते. तिथून शुभांगीनं मला उचललं आणि जळकोटला आपल्या आईच्या, उमादेवींच्या घरी आणलं.

शुभांगी नोकरीला पुण्यात, उमादेवी इथं एकट्या. म्हणून लेकीनं दाराला आणि स्वयंपाकघराला छोटे सेन्सर लावले. आईनं सकाळी दार उघडलं की लेकीच्या मोबाईलवर कळायचं. सेन्सरचे निरोप झेलायला बोटभर डोंगल होता. पण तो घरातल्या कॉम्प्युटरला थेट लावला की त्याला काही नीट ऐकूच येत नसे. जत्रेत हलगीला खेटून उभं राहिल्यावर लांबून मारलेली हाक ऐकू येते का? तसंच ते. त्याला कॉम्प्युटरच्या गोंगाटापासून हातभर लांब धरायचं, एवढंच माझं काम. त्याचं कौतुक कुणी केलं नाही, पण मला मात्र त्याचा फार अभिमान होता.

मग खंडेनवमी आली. उमादेवींनी विळी, शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर पुसून पूजेला मांडले. लोंबती वायर काही त्यांना बरी दिसेना. त्यांनी मला काढून गुंडाळलं आणि डोंगल थेट कॉम्प्युटरमध्ये खोचला. कॉम्प्युटरला हळदीकुंकू मिळालं, मला बटणांचा डबा! खरंच सांगते, फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून निरोप अडखळू लागले. कधी उशिरा पोचायचे, कधी वाटेतच हरवायचे. शुभांगीचा घाबरा फोन यायचा.

"अव्वा, अजून दार उघडलं न्हाईस? बरी हायेस ना?"

"अगं, कवाच उघडलंय! सडा बी झाला."

तिनं सेल बदलायला लावले, दाराचा सेन्सर नवा पाठवला. पण रोग एकीकडं आणि औषध भलतीकडं! शेवटी ती स्वतः आली. सगळं तपासून थकली आणि म्हणाली, "ह्याचा आता भरवसा न्हाय. जीव टांगणीला लागतो माझा. तू पुण्याला चल."

"आन् घराला कुलूप लावू व्हय?" एवढंच म्हणून उमादेवी उठल्या. लेकीच्या ड्रेसचं बटण तुटलं होतं. ते लावायला त्यांनी डबा उघडला.

"अव्वा! ही वायर इथं कशी?"

"खंडेनवमीला काढली की. पूजेत गुंता बरा दिसत न्हाय."

शुभांगीनं कपाळाला हात लावला. आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. तिनं मला जागेवर लावलं, दार उघडलं, आणि मोबाईल लगेच वाजला. पुण्याला चलायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटीच बसनं गेली.

आता उमादेवी सकाळी दार उघडतात, मिटतात आणि पुन्हा उघडतात. दुसऱ्यांदा उघडलेलं दार खास लेकीसाठी असतं. मी दोन्ही निरोप इमानानं पोचवते. पण नंतर त्या उंबऱ्यात उभ्या राहून रस्त्याकडं बघत राहतात, तेवढं मला पोचवता येत नाही.

मित्रांनो, घरातली एखादी वायर काढण्याआधी ती कशासाठी आहे, हे जरूर विचारा. आणि घरचं दार रोज वेळेवर उघडतंय म्हणून निर्धास्त राहू नका. सणाची वाट न बघता एकदा त्या दारात जाऊन उभे राहा.