उंच गाडी, बसकी गाडी

नावड्याच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात दलाल विपुलने दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावून ठेवल्या होत्या. दोन्ही इलेक्ट्रिक, दोन्ही वापरलेल्या, दोन्ही पांढऱ्या. एक उंच, जीपसारखी, मागचा दरवाजा वर उघडणारा. दुसरी बसकी, मागे वेगळी डिकी असलेली. आधी ती कुठल्याशा कंपनीच्या माणसांची ने-आण करायची म्हणे.

"वहिनी, टेन्शन घेऊच नका," विपुल म्हणाला. "बसकीची बॅटरी एकदम कडक. उंच गाडीची थोडी थकलीय, खोटं कशाला बोलू? पण रुबाब बघा तिचा! तुमच्या तळवलीच्या नाक्यावर वळली की अख्खं गाव वळून बघेल."

कुंदन, माझा नवरा, बसकीच्या मागे गेला. तो डिकीकडे बघत होता.

गाडी हवी होती ती कान्हासाठी. नऊ वर्षांचं माझं लेकरू हल्ली पायरी चढताना मांडीवर हात टेकवतं, मग स्वतःलाच ढकलत वर नेतं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावून सांगितलं होतं, स्नायू झिजत जाणार. वर्षभरात चाकांची खुर्ची लागेल. पुढे हातांचंही तेच. शाळेच्या बसवाल्यानं आत्ताच जबाबदारी नको म्हणून सांगितलंय, आणि रिक्षात चढताना कान्हा दोनदा पडलाय. गाडी आली नाही तर शाळा सुटणार. शाळा सुटली तर त्याच्याकडे उरणार काय, खिडकी?

त्याला मात्र आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. पाय वीक आहेत, व्यायामानं बरे होतील, एवढंच. घरात खुर्चीचं नावही काढायचं नाही, हा माझ्या सासूबाईंचा, पुतळाबाईंचा हुकूम. "बाल जन्माला यायच्या आधी पालना आनतान का घरान?" त्या म्हणाल्या होत्या. "तशीच ही. आदीच आनली तं ती मानूस मागल." मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं होतं.

म्हणून खुर्ची घेतलीच नव्हती. कुंदन गुपचूप दुकानात जाऊन घडी घातलेल्या खुर्चीचं माप सुतळीवर घेऊन आला होता, गाठी मारून. ती सुतळी त्याच्या खिशात होती.

त्यानं बसकीची डिकी उघडली. आत स्टेपनी आडवी पडलेली.

"ही इथे कशी?"

"खालची जागा बॅटरीनं खाल्ली ना, शेठ. पण चार बॅगा आरामात बसतात."

कुंदननं सुतळी ताणली. गाठ बाहेर राहिली. तिरकी करून बघितली, तरी बाहेर. मग उंच गाडीच्या मागे गेला. तिथे सुतळी बसली, वर हातभर जागा उरली. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी शेजारी उभ्या कान्हाकडे बघितलं.

"चढून बघतोस, बाळा?"

त्यानं दरवाजाची कड धरली. पाय उचलला. पाय दाराच्या पायरीपर्यंत गेलाच नाही. मी पुढे झाले तसा ओरडला, "थांब ना, मी करतो!" मग गुडघा टेकवायला गेला, पोटावर लोंबकळला, कानशिलं लाल झाली. शेवटी मी काखेत हात घालून त्याला खाली घेतलं. वजन काही फार नाही त्याचं, पण तो मला मदत करत होता, अंग हलकं करून, श्वास रोखून, आणि ते मला सोसवेना.

बसक्या गाडीत तो पाठमोरा टेकला, बसला, एकेक पाय हातानं उचलून आत घेतला. "आई, बघ! कोनी धरलं पन नाय मला!"

एकीत खुर्ची मावत होती, एकीत माझा मुलगा.

"तुमचं सामान आहे तरी काय?" विपुल हसत म्हणाला. "सांगा ना, शेठ. बँजो पार्टी आहे का? हळदीला वाजवायच्या सुपाऱ्या घेता? ढोलाचं माप आणलंय जसं काही."

कुंदन सुतळी बोटाला गुंडाळत राहिला.

"नाही, म्हणजे ताशा असेल तर मागच्या सीटवर..."

"व्हीलचेअर आहे," मी म्हणाले.

तोंडातून गेलंच. विपुलचं हसू विझलं. बसक्या गाडीचा दरवाजा उघडाच होता.

"कुनाची?" कान्हानं आतून विचारलं.

सावलीला प्लास्टिकच्या खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि सरळ गाडीपाशी आल्या. "माजी रं," त्या म्हणाल्या. "माजीच. गुडगं गेलं ना तुजे आजीचं." त्याच सकाळी बाजारातून मासळीची पिशवी घेऊन त्या भराभरा चालत घरी आल्या होत्या. कान्हानंच त्यांना दार उघडलं होतं.

त्यानं आजीकडे बघितलं. मग माझ्याकडे. बराच वेळ.

"मग बसकी घ्या, पप्पा," तो म्हणाला. "आजीला उंच चढता येनार नाय."

"आणि खुर्ची?" कुंदनचा आवाज मला ओळखू आला नाही.

"पुढची सीट झोपवायची. तुमच्या शेजारची. खुर्ची तिथं. आजी मागं, माझ्याबरोबर."

"लय हुशार हाय पोरगा!" विपुलला पुन्हा सूर सापडला. सीट झोपवली, सुतळी लावली. बसली.

कुंदन आणि विपुल कागदपत्रांसाठी ऑफिसात गेले. सासूबाई यार्डाच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी कान्हाशेजारी बसले. बॅटरीमुळे तळ उंच झालाय, त्यामुळे माझे गुडघे छातीशी आले. त्याचे नाही, तो अजून लहान आहे.

"आई," तो हळूच म्हणाला, "आजीचे हात पन जातील का?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कोनी नाय. शाळेत कॉम्प्युटरवर बघितलं. खूप दिवस झाले." मग माझ्या कानाशी आला. "तिला नको सांगूस हं. ती रडते."

मी त्याचा हात धरला. त्यानं माझा धरला, घट्ट, माझी अंगठी रुतेल इतका.

"जातील का?"

"हो," मी म्हणाले. "लगेच नाही."

त्यानं मान हलवली, जास्तीचा दिलेला गृहपाठ समजून घ्यावा तशी. मग उघड्या दारातून डोकं बाहेर काढून हाक मारली, "आजी, ये ना! तुझी सीट बघ. मऊ हाय."