शलबीचाचांच्या आठवणी

"हसू आलं तर तोंडाला रुमाल लावा," बसयूनी पहिल्या रांगेपुढे वाकून कुजबुजत होता. "अन् टाळी कुणी वाजवलीच, तर मंडपाचं भाडं त्याच्याकडून."

कैरोच्या शुब्रा भागात मयतीचे मंडप घालणं हा बसयूनीच्या घराण्याचा धंदा. माझा विनोदाचा कार्यक्रम उस्ताज वगीहांनी, म्हणजे सेन्सॉर खात्याच्या साहेबांनी, दुपारी तपासून परत दिला होता. लाल शाईतून 'शुभ संध्याकाळ' एवढंच तगलं होतं. तिकिटं खपलेली. "शोकाला परवानगी कोण विचारतंय?" बसयूनी म्हणाला, आणि गल्लीत नक्षीचा कापडी मंडप उभा राहिला. कमी होता तो फक्त मेलेला माणूस. तो मी तयार केला. शलबीचाचा. माझे सगळे विनोद आता त्यांच्या आठवणी होत्या.

"चाचा कायद्याने चालायचे," मी माइकवर गंभीरपणे म्हणालो. "शेवटचा श्वाससुद्धा रांगेत उभं राहून घ्यायला गेले. नंबर आला, तर खिडकी बंद."

मंडपभर रुमाल वर गेले. खांदे गदगदा हलू लागले. माझ्या अंगात नुसती वीज खेळत होती.

मंडप दिसला की आत शिरून सांत्वन करायचं, ही आमच्याकडची रीत. समोरचा खाटीक झकी आला, मयतीची बिनसाखरेची कॉफी प्यायला आणि माझा हात धरून म्हणाला, "भला माणूस गेला. कलेजी नेहमी माझ्याकडूनच न्यायचा." त्याने खरेखुरे डोळे पुसले. चाचांना जिवंतपणी भेटायचं राहिलं, असं मलाही क्षणभर वाटलं.

मग उस्ताज वगीह आत आले आणि पहिल्या रांगेत बसले.

गप्प बसलो तरी पकडला जाणार, बोललो तरी कोठडी. मी बोललो. "चाचा विनोद सांगण्याआधी सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे. मग स्वतः बाहेर जाऊन उभे राहायचे."

उस्ताज हसले नाहीत. उठले, आणि त्यांनी माइकसाठी हात पुढे केला.

"बेटा नाजी, मीही दोन शब्द बोलतो." त्यांनी घसा साफ केला. "मरहूम शलबी माझ्या ऑफिसात यायचे. कागद ठेवून उभे राहायचे. मी वाचायचो. हसू फुटायला लागलं की पाण्याचा ग्लास तोंडाला लावायचो. खात्यात माझ्याइतकं पाणी कुणी प्यायलं नसेल. डॉक्टरने विचारलं, साखर आहे का? म्हटलं, नाही, विनोद आहेत."

मागे कुणीतरी खो खो हसलं. मग सगळेच. उस्ताज दचकले. नावाने हाक आल्यासारखे त्या आवाजाकडे बघत राहिले.

"तुझा वेळ खातोय हा म्हातारा," बसयूनी माझ्या कानात म्हणाला. "घे ना माइक."

"राहू दे."

"अजून एक सांगू का?" उस्ताजांनी मला हळूच विचारलं.

"सांगा, उस्ताज," मी म्हणालो, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसलो.