रजिस्टरातली माय

मी एक जुना डोंगा आहे. चामोर्शीकडच्या मासेमार ढिवरांच्या एका वस्तीत, वैनगंगेच्या काठावर उलटा पडून असतो. पाठीवर शेळ्या चढतात, लेंड्या टाकून जातात. म्हातारपणी मान कुठला! पण मित्रांनो, एके काळी माझ्यावाचून या वस्तीचं पान हलत नसे.

लटारूनं मला मोहाच्या एकाच खोडातून कोरलं. पंधरा दिवस वाकसानं तासत होता. तो जाळं टाकायचा आणि त्याची बायको नीलाबाई मला वल्हवायची. दोघांना मूलबाळ नव्हतं. मग एके वर्षी नीलाबाईची धाकटी बहीण तापानं गेली. तिचा नवरा त्याआधीच साप चावून वारला होता. मागे उरली दीड वर्षाची रिंकू. नीलाबाई तिला काखोटीला मारून घेऊन आली. गाव म्हणालं, माय मरो पण मावशी जगो. म्हणायला काय जातं? मावशीनं लेकरू घेऊन जगायचं कसं, ते त्या म्हणीत नाही.

घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून रिंकू माझ्यातच वाढली. नीलाबाई लुगड्याच्या चिंधीनं तिला कमरेशी बांधायची आणि घडी केलेल्या जाळ्यावर निजवायची. पोरगी पहिल्यांदा 'माय' म्हणाली ती माझ्याच पोटात बसून. त्या दिवशी नीलाबाईच्या हातून वल्हं सुटलं आणि लटारूला पोहून ते आणावं लागलं.

शाळा नदीपलीकडे होती. रिंकूचं नाव घालून तिघं परत निघाली, तेव्हा लटारू हसत होता.

"गुरुजीनं मायचं नाव इचारलं, त तू आपलंच काऊन सांगितलं?"

"मंग कोनाचं सांगू? सारे पोट्टे तिले बिनमायची म्हनतीन."

मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, कागद म्हणजे काय असतं ते आम्हा कोणालाच कळत नव्हतं.

चार वर्षं मी रिंकूची रोज ने-आण केली. हुशार पोरगी. वाटेत पाढे म्हणायची, चुकली तरी ठसक्यात म्हणायची. पण ती चौथी पास झाली त्या उन्हाळ्यात लटारूला लकवा मारला. पुढची शाळा चामोर्शीला होती, आणि पावसाळ्यात ही नदी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. शिक्षण सुटणार हे दिसतच होतं.

तेव्हा गुणवंतराव गुरुजी स्वतः काठावर आले. मायबाप नसलेल्या, नातलगांनी वाढवलेल्या लेकरांसाठी चामोर्शीला वसतिगृह होतं. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथं मिळायचं.

"पन नीलाबाई, रजिस्टरात त हिची माय जिती हाय," गुरुजी म्हणाले.

"कोन?"

"तुमी."

नीलाबाईनं माझी दोरी खुंट्याला पक्की बांधली. मग म्हणाली, "खोडा माहं नाव."

नाव खोडायलाही चार खेपा झाल्या. बहिणीच्या मृत्यूचा दाखला, पोलीस पाटलाची सही, नीलाबाईचे अंगठे. शेवटच्या खेपेला तिनं रिंकूला सोबत नेलं आणि परतताना सगळं सांगून टाकलं. रिंकू रडली नाही. हात पाण्यात सोडून बसली.

"आयक," नीलाबाई म्हणाली. "तिथी मले माय म्हनू नोको. कोनी आयकलं त नाव कटन तुहं."

मित्रांनो, असं तिला कोणीच सांगितलं नव्हतं. कागदावर नाव बदलायचं होतं, हाक नाही. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ती पोळली होती.

दिवाळीत रिंकू घरी आली. अंगात नवा गणवेश, केसांना लाल रिबिनी. ऐन मधल्या धारेत ती म्हणाली, "मावशी, माहा पैला नंबर आला."

नीलाबाईचं वल्हं थांबलं. "इथी कोनी नाई बाई. माय म्हन न."

रिंकूनं या काठाकडे पाहिलं, त्या काठाकडे पाहिलं.

"कोनी आयकलं त?" ती हळूच म्हणाली.

नीलाबाईनं पुन्हा विचारलं नाही. पुढचं वल्हवणं असं वेडंवाकडं झालं, की मी दोनदा कलंडता कलंडता वाचलो.

पुढं नदीवर पूल झाला आणि माझं काम संपलं. लटारूही गेला. रिंकू दहावी झाली, आता नर्सचं शिकते. सुटीला येते ती मावशीसाठी औषधं आणते, तिचे पाय चेपते, स्वयंपाकही करते. गुणी पोरगी आहे, तिला बोल लावायला जागा नाही. ती येणार असली की नीलाबाई माझ्या पाठीवर येऊन बसते. पुलावरून हाक येते, "मावशी!" नीलाबाई लगेच उठते. पण ओ देण्याआधी तिचा श्वास जरासा अडतो. एवढ्या जवळून ते फक्त मलाच कळतं.

मित्रांनो, माझी डागडुजी करा असं मी म्हणत नाही. लाकूड आहे, कुजणारच. पण तुमच्या वर्गात मावशीनं, आजीनं, मामानं वाढवलेलं कोणी असेल, तर त्याला रजिस्टरातलं नाव विचारू नका. घरी तुझी वाट कोण पाहतं, एवढंच विचारा. आणि तो त्या माणसाला जी हाक मारत असेल, ती त्याला मोठ्यानं मारू द्या.