राधिकाच्या नावाने लिहिलेला नकार

राधिकाच्या नावाने तो नकार मी लिहिला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

आमच्या घरी फॉर्म भरायचे ते मी. पोरगी पंधरा वर्षांची असताना तिचं ईमेल मीच उघडून दिलं, पासवर्ड ठेवला माझ्या आईचं नाव, आणि तिने तो कधी बदलला नाही. राधिका इथे टेक्सासमध्ये, शुगर लँडलाच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये देते. गणितात मात्र माझ्या कितीतरी पुढे. ह्यूस्टनला तिचं एम.एस. संपत आलं होतं आणि माझ्या ओळखीने एका तेल कंपनीत नोकरी ठरल्यासारखी होती.

मध्येच तिने पॅरिसचं काढलं. तिथल्या एका प्रोफेसरबाईंचे पेपर वाचून डॉक्टरेटसाठी परस्पर अर्ज केला होता. युनिव्हर्सिटीचं नाव विचारलं तर म्हणाली, "पॅरिस सिक्स." मी म्हटलं, ही काय महापालिकेची शाळा आहे, नंबर द्यायला? इंटरनेटवर बघितलं. फी नावापुरती. शाळेची शेवटची परीक्षा पास झालेल्या कुणालाही पहिल्या वर्षाला प्रवेश, एंट्रन्स वगैरे काही नाही. फोटोत राखाडी इमारती, त्यांतून ॲस्बेस्टॉस काढायचं काम चाललेलं. माझं डोकंच फिरलं. आम्ही कट-ऑफवर जगलेली माणसं. जिथे कुणालाही घेतात तिथे माझी मुलगी कशाला जाईल?

मार्च २००४ मध्ये ती मैत्रिणींबरोबर चार दिवस ऑस्टिनला गेली आणि नेमकं तेव्हा बाईंचं मेल आलं, ते मी तिच्या खात्यात शिरून वाचलं. जागा आहे, स्टायपेंड आहे, आठवड्याभरात कळवा. मी कळवलं. घरगुती कारणामुळे येऊ शकत नाही, आभारी आहे, राधिका. मग दोन्ही मेल डिलीट केली. वसुधाला, माझ्या बायकोलासुद्धा, बोललो नाही.

राधिका रोज संध्याकाळी कॉम्प्युटरपाशी बसून मेल बघायची आणि उठायची. मे महिन्यात एकदा जेवताना म्हणाली, "दे डिडन्ट ईव्हन रिप्लाय, बाबा. आय गेस आय वॉझन्ट गुड इनफ."

"जाऊ दे गं, त्यांचंच नुकसान," मी म्हटलं. खरंच, हेच म्हटलं मी. वसुधाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. नोकरी तिने निमूट धरली आणि गणिताची पुस्तकं खोक्यात भरून गराजमध्ये ठेवली.

ऑगस्टमध्ये ऑफिसात जेरारबरोबर जेवत होतो. जेरार फ्रेंच, भूगर्भशास्त्रज्ञ, मोजकं बोलणारा माणूस. मी सहज म्हटलं, मुलीने तुमच्या त्या पॅरिस सिक्सला अर्ज केला होता, बरं झालं जमलं नाही ते.

त्याने काटा खाली ठेवला. अडुसष्ट सालच्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर जुनं पॅरिस विद्यापीठ मोडून तेरा विद्यापीठं केली, म्हणाला, म्हणून ते नंबर. शेकडो वर्षांच्या त्या विद्यापीठातल्या विज्ञानाचा मोठा वाटा या सहाव्याकडे आला. पुढे त्याला क्युरी नवराबायकोचं नाव दिलं. जुन्या वाईनच्या बाजाराच्या जागेवर ते उभं आहे आणि त्या इमारती फारशा कुणाला आवडत नाहीत. पण गेल्या वर्षी शांघायच्या लोकांनी जगातल्या विद्यापीठांची यादी केली, तिच्यात फ्रान्समधून सगळ्यांत वर हेच. फी नावापुरती, कारण बाकीचं देश भरतो. पहिल्या वर्षाचं दार सगळ्यांना उघडं, डॉक्टरेटला मात्र पारखून घेतात.

"मनोहर, तिला सांग, वाईट वाटून घेऊ नकोस म्हणावं," जेरार म्हणाला. "मलाही तिथे घेतलं नव्हतं."



घरी जाताना फिफ्टी-नाइन हायवेवर नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबलेला. गाडी थांबली आणि मला माझी शाळा आठवली. नागपूरला मी शिकलो ती महापालिकेचीच शाळा, क्रमांक अकरा. फी नव्हती, येईल त्याला बसवून घ्यायचे. तिथल्या मोहन मास्तरांनी भूमिती शिकवली म्हणून मी इथवर आलो. पंचवीस वर्षं अमेरिकेत राहून हे विसरलो, आणि तेही नेमकं मुलीच्या बाबतीत. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी मी बाईंना खरं काय ते लिहिलं, या वेळी माझ्या नावाने. तीन दिवसांनी दोन ओळी आल्या. यंदाची जागा भरली. पुढच्या वर्षीचं बोलायचं असेल तर राधिकाने स्वतः लिहावं, वडिलांनी नाही.

शनिवारी सकाळी ते उत्तर छापून मी तिच्या खोलीत गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागद घेऊन वाचला. मग मराठीत म्हणाली, "म्हणजे त्यांना मी हवी होते?"

"हो."

"पाच महिने, बाबा."

ती तोंड फिरवून रडली. मी हात पुढे केला तो तिने बाजूला सारला. मग डोळे पुसून कॉम्प्युटरपुढे बसली, मेल उघडलं आणि आधी पासवर्ड बदलायला घेतला. माझ्या आईचं नाव काढलं. मी तिथेच उभा होतो.

"तू बाहेर जा," ती म्हणाली. "आणि दार लाव."

मी दार लावलं. गराजमध्ये जाऊन पुस्तकांचं खोकं उचललं, तिच्या दाराशी आणून ठेवलं आणि न ठोठावता परत फिरलो.